स्वयंपाकघरातली चप्पल

आमच्या घरी चपलेची हद्द उंबऱ्याशी संपते. बाहेरची चप्पल बाहेर, घरात अनवाणी, आणि स्वयंपाकघरात तर पायात काही घालायचा प्रश्नच नाही, कारण तिथेच ओट्यासमोरच्या भिंतीत देव आहेत. हा नियम मला कोणी धाकाने शिकवला नाही. माहेरी अमळनेरकडे होता, सासरी सुरतेत लिंबायतलाही होता, आणि मला तो मनापासून पटत आला होता. आज मात्र मी रोज सकाळी गॅसपुढे चप्पल घालून पोळ्या लाटते. टाचेखाली काय घ्यावं, घोट्याला काय बांधावं, मुळात काही घ्यावं-बांधावं का, याबद्दल माझी मतं ठाम होती. ती बदलली. कशी बदलली ते सांगावंसं वाटतं, कारण माझ्या कामाच्या जागी टाच धरून येणाऱ्या बायकांची आणि पुरुषांची रांग काही कमी होत नाही.

मी नर्स आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागतं. पूर्वी गाव होतं, आता औद्योगिक वसाहत, हिरे-दागिन्यांचं पार्क, गोदामं आणि ट्रकच्या रांगा. पुढे कवास, मोरा आणि मग हजिऱ्याचे मोठाले कारखाने. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, जळगाव असा खान्देशातून जातो, आणि आमची माणसं दोन-तीन पिढ्या त्याच वाटेने आणि ताप्तीकाठच्या रेल्वेने इकडे येत राहिली. राहायची लिंबायत, उधना, डिंडोलीला, आणि कामाला शहराच्या कुठल्याही टोकाला. पाचशेहून जास्त कामगार असले की कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम लागते. अशाच एका कापड-प्रक्रियेच्या कारखान्यातल्या ॲम्ब्युलन्स रूममध्ये मी बसते. बसते म्हणायचं एवढंच, दिवसाचा बराचसा वेळ विभागांमधून फिरण्यात आणि उभ्याने मलमपट्टी करण्यातच जातो.

टाच दुखते म्हणून कोणी आलं की माझं उत्तर ठरलेलं असे. वजन कमी करा, गरम पाण्यात पाय ठेवा, आणि त्या सिलिकॉनच्या गाद्या-बिद्या घेऊ नका. पायाला टेकू दिला की पाय टेकूवरच राहतो, आतले स्नायू आळसावतात, असं मी सांगायची. या सांगण्यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सर्जिकलच्या दुकानांबद्दलचा अविश्वास. टाचेचं दुखणं घेऊन गेलेला माणूस तिथून घोट्याचा पट्टा, गुडघ्याची टोपी आणि कमरेचा बेल्ट घेऊन परत आलेला मी पाहिला आहे. दुसरी गोष्ट जास्त खोल होती. ती म्हणजे माझ्या आईचे पाय.

आईने आयुष्यात चप्पल घातली ती लग्नकार्यात आणि दवाखान्यात जाताना. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी सगळं अनवाणी. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्या खान्देशी लोकांत तीही असायची, तीही अनवाणी. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, पण टाच दुखते म्हणून ती कधी बसून राहिली नाही. अशा बाईची मुलगी टाचेखाली जेलची गादी घेते, हे मला पटण्यासारखं नव्हतं. पुढे मी नर्सिंग शिकले, शरीरशास्त्र शिकले, तरी तो अभिमान पुस्तकांच्या वर राहिला.

मग माझी उजवी टाच दुखू लागली.

ज्यांना हे झालंय त्यांना वर्णनाची गरज नाही. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला, खाली, खिळा रुतल्यासारखी कळ येते. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जावं लागतं. चालत राहिलं की कळ ओसरते, आणि माणसाला वाटतं गेलं. दुपारी जेवायला बसून उठलं की पुन्हा तीच. संध्याकाळी दिवसभराच्या उभेपणाने सगळी टाच ठणकते. दुखणं पहिल्या पावलाला जास्त, ही खूण इतकी ठळक आहे की त्यावरूनच निदान जवळजवळ होतं. इंग्रजीतलं प्लांटर फॅसायटिस हे नाव आता आमच्या कामगारांनाही पाठ झालं आहे. सुश्रुताने वातकंटक सांगितला आहे, वेडावाकडा पाय पडल्याने होणारा. म्हणजे हे काही कारखान्यांनी जन्माला घातलेलं दुखणं नाही.

एक्स-रेत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसलं. ‘हाड वाढलंय’ हे शब्द ऐकले की लोक हबकतात, ऑपरेशनच करावं लागणार असं धरून चालतात. मला शिक्षणामुळे एवढं माहीत होतं की असं टोक कुठलंही दुखणं नसलेल्या कितीतरी लोकांच्या टाचेत असतं, आणि टोक तसंच राहून दुखणं बरं होतं. दुखणारी वस्तू बहुतेक वेळा ते हाड नसतंच. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. आपण पुढचं पाऊल टाकताना बोटं वर वळतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या बुडाभोवती ओढला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९५४ मध्ये हे नीट मांडलं. दर पावलाला ही ओढ टाचेच्या त्या एका जागेवर येते. २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात सूज आणणाऱ्या पेशी नव्हत्या, झिजलेले, विसकटलेले तंतू होते. याचा अर्थ माझ्या लेखी मोठा होता. झीज असेल तर नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी ती भरून निघणार नाही. त्या जागेवरचा रोजचा ताण कमी करावा लागेल, आणि सावकाश त्या पट्ट्याला बळ द्यावं लागेल. ताण कमी करायचा तर टेकू घ्यावा लागेल, हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

तोवर मी बाकीचं करून पाहत होते. रुईची पानं गरम विटेवर ठेवून टाच शेकायची, हा आमच्याकडचा जुना उपाय. शेकाने बरं वाटतं, हे खरं आहे, आणि संध्याकाळी तेवढं बरं वाटणंही कमी नसतं. पण सकाळचं पहिलं पाऊल तिथेच होतं. (मधुमेह असलेल्यांनी हा उपाय करूच नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, वीट किती तापली आहे ते कळत नाही, आणि भाजलेली टाच महिनोन्‌महिने भरत नाही. अशी टाच मी पाहिली आहे.)

मग मी वाचायला बसले. कामगारांना इतकी वर्षं जे सांगत होते त्याला आधार काय, ते एकदा बघावं म्हणून. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पंधरा केंद्रांतले २३६ रुग्ण, सगळ्यांना ताणाचे व्यायाम दिलेले, आणि गटवार टाचेखाली वेगवेगळ्या वस्तू. आठ आठवड्यांनी सिलिकॉनची तयार गादी वापरणाऱ्यांतल्या ९५ टक्के लोकांना बरं वाटलं, रबराच्या कपवाल्यांतल्या ८८ टक्क्यांना, फेल्टवाल्यांतल्या ८१ टक्क्यांना, नुसता व्यायाम करणाऱ्यांतल्या ७२ टक्क्यांना. आणि पायाचा साचा घेऊन मुद्दाम बनवलेला महागडा सोल घालणाऱ्यांतल्या ६८ टक्क्यांना. हे वाचून मला दोन गोष्टी कळल्या. गादी निरुपयोगी नाही, हे एक. आणि महाग ते चांगलंच असं नाही, हे दुसरं, जे माझ्या दुकानांवरच्या अविश्वासाला धरूनच होतं.

पण तिथेच थांबले असते तर उलट्या दिशेने तितकीच आंधळी झाले असते. २००६ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात पातळ फोमचा खोटा सोल, तयार सोल आणि साच्याचा सोल असे तीन गट होते. तीन महिन्यांनी खऱ्या सोलवाल्यांना चालण्या-वावरण्यात थोडा फायदा दिसला. वर्षाच्या शेवटी तिन्ही गट जवळजवळ सारखे. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं सुधारून दिली, त्यांतही नुसत्या सोलवर विसंबू नका, इतर उपचारांच्या जोडीला वापरा, असंच म्हटलं आहे. माझं आजचं मत यातूनच आलेलं आहे. टेकू मुदतीचा असतो. पहिल्या काही महिन्यांत तो कळ कमी करतो, माणसाला कामावर उभं राहू देतो, व्यायाम करू देतो. टेकूने स्नायू आळसावतात ही भीती त्या मुदतीपुरती बाजूला ठेवता येते, कारण दुखऱ्या टाचेने माणूस लंगडत चालतो आणि लंगडण्याने गुडघा आणि कंबर धरते, हे मी रोज पाहते.

आईच्या पायांचं काय, हा प्रश्न तरी उरलाच होता. तो मला या अभ्यासांनी सुटला नाही, एकदा माहेरी गेले तेव्हा सुटला. पावसाळा उतरला होता, मी चपला बांधावर काढून कपाशीच्या वावरात शिरले. काळी माती. पाय टेकला की ती दबते, टाचेचा आकार घेते, पुढच्या पावलाला वेगळा उतार. घराच्या फरशीवर उभं राहवत नसलेली माझी टाच त्या मातीत मुकाट चालत होती. आई आयुष्यभर या जमिनीवर चालली. ती चालली, वाकली, उकिडवी बसली, उठली, एका जागी खिळून उभी राहिली नाही. उकिडवं बसण्याने तिचा घोटा शेवटपर्यंत पुरता वाकायचा. २००३ च्या एका तुलनात्मक अभ्यासात टाचदुखीचे ५० रुग्ण आणि दुखणं नसलेले १०० लोक घेतले होते. सर्वांत मोठा धोका घोटा वर न वाकण्याचा निघाला, मग लठ्ठपणाचा, मग दिवसातला बराचसा वेळ पायांवर काढण्याचा. आईला यातलं फक्त शेवटचं लागू होतं, तेही मऊ मातीवर. माझ्याकडे तिन्ही आहेत, आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल. तिच्या अनवाणी पायांचा अभिमान मला आजही आहे. तो अभिमान तिच्या मातीसकट होता, हे मात्र मला आता कळतं. माती मागे ठेवून नुसतं अनवाणीपण मी सुरतेला घेऊन आले होते.

यानंतर मी चांगली सिलिकॉनची हील कप आणली आणि बुटात घातली. फरक पडला, पण जेवढा पडायला हवा तेवढा नाही. का, ते शोधायला मी एक साधी गोष्ट केली: दिवसभरात माझा पाय त्या बुटात किती वेळ असतो ते मोजलं. पहाटे उठल्यापासून कंपनीची बस पकडेपर्यंत घरात अनवाणी. भांडी, डबे, पोळ्या, पूजा, सगळं उभ्याने. संध्याकाळी घरी आल्यावर झोपेपर्यंत पुन्हा अनवाणी. सुट्टीच्या दिवशी तर संपूर्ण दिवस. शिवाय सकाळचं पहिलं पाऊल, जे सगळ्यांत वाईट, तेच थंड टाइलवर. टाचेच्या टेकूबद्दलचं मी वाचलेलं बहुतेक लिखाण बूट घालून वावरणाऱ्या लोकांच्या देशांतलं आहे. आपल्या बाईचा पाय सर्वांत जास्त उभा राहतो तो ओट्यापुढे, आणि तिथे तो उघडा असतो. टेकू बुटात, पाय फरशीवर, असं असेल तर कितीही महागाचा सोल घ्या, त्याचा उपयोग अर्धाच.

फिजिओथेरपिस्टने सांगितलं, घरात घालायला वेगळी चप्पल ठेवा, पलंगाशेजारी, पहिलं पाऊल तिच्यात टाका. एम.सी.आर. रबराची चालेल. हे रबर मूळचं आपल्याच देशात, वेल्लोरजवळ करीगिरीला, डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आलं. ज्यांना जखम झालेली कळत नव्हती त्यांचे पाय वाचवण्यासाठी. हे मला नर्सिंगच्या काळापासून माहीत होतं, आणि त्या चपलेबद्दल माझ्या मनात आदर होता. तरी ती चप्पल घालून देवांसमोर उभं राहायचं, हे जमेना. हॉलमध्ये घालायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी काढायची, असं काही दिवस चाललं. म्हणजे जिथे गरज तिथेच नाही.

मला वाटलं होतं सासूबाई नाराज होतील. त्या ऐंशीच्या घरात आहेत, अजूनही आंघोळ झाल्याशिवाय ओट्याला हात लावत नाहीत. मी दाराशी चप्पल काढून लंगडत आत आलेली त्यांनी पाहिली आणि आमच्या अहिराणीत म्हणाल्या, “पाय दुखस ते घाल ना माय. देव काय पाय देखस का?” मग त्यांनीच नियम केला. ही चप्पल नवीकोरी हवी, एकदाही उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, शनिवारी धुवायची, आणि पूजेच्या वेळी काढायची. मला हा नियम फार योग्य वाटतो. आपली चप्पल बाहेर ठेवण्याची रीत रस्त्याची घाण घरात येऊ नये यासाठी आहे. जी चप्पल रस्त्यावर गेलीच नाही तिच्याबाबत ती रीत मोडत नाही. आमच्या चाळीतल्या चार घरांत आता अशा चपला आहेत, आणि बायका एकमेकींना सांगताना सासूबाईंचं नाव पुढे करतात.

खरेदीला गेल्यावर लोक गादी अंगठ्याने दाबून बघतात, आणि जी जास्त दबते ती चांगली असं समजतात. इतकी मऊ गादी घेऊ नका. जी अंगठ्याने तळाला टेकते ती अंगाच्या वजनाखाली पहिल्याच तासात चपटी होते. टाचेखाली निसर्गाने चरबीची स्वतःची गादी दिलेली आहे, छोट्या छोट्या कप्प्यांत भरलेली, आणि वजन पडलं की ती बाजूंना पसरते. काठ असलेली, थोडी टणक कप तिला बाजूंनी धरून ठेवते, आणि टाचेखाली तुमचीच चरबी जाड राहते. सपाट तुकडा हे करू शकत नाही. वय झालेल्या ज्या माणसांना टाचेच्या अगदी मधोमध, दगडावर उभं राहिल्यासारखं दुखतं, त्यांना काठाची कप विशेष मानवते. दुखणं कमानीकडे जात असेल तर नुसती टाचेची कप पुरत नाही, कमानीला हात देणारा पूर्ण लांबीचा सोल बघावा. आणि दोन्ही पायांत घालावी, एकाच पायात घातली तर एक पाय उंच होतो आणि कंबर बोलू लागते.

आमच्या मेंटेनन्सच्या मुलांची अडचण वेगळी. सेफ्टी शूज कंपनी देते, त्यांत आतला सोल पातळ असतो आणि काही महिन्यांत पापडासारखा होतो. ही मुलं त्या जुन्या सोलवरच नवी गादी ठेवतात. मग टाच वर उचलली जाते, बुटाच्या मागच्या काठातून निसटते, वर पोलादी टोपीत बोटं कोंबली जातात, आणि दोन दिवसांत गादी कचऱ्यात. जुना सोल आधी काढा, मग नवा घाला, एवढं सांगितलं तरी पुष्कळांचं भागलं. बॉयलरजवळ काम करणाऱ्यांना मी स्वस्त जेलची गादी देत नाही, उष्णतेने ती चिकट होते.

सर्वांत अवघड आमच्या घडी आणि पॅकिंगच्या बायका. तिथे खाली कापड पसरलेलं असतं, म्हणून चपला दाराबाहेर. पाळीभर फरशीवर अनवाणी उभं राहायचं. यांना बुटातली कप काय कामाची? टाचेच्या जागी सिलिकॉन शिवलेले मोजे मिळतात, ते मी काहींना घ्यायला लावले. थोडा आराम पडतो. पण गुळगुळीत फरशीवर ते सरकतात, म्हणून तळाला ठिपके असलेलेच घ्यायचे, आणि घामाने पाय ओले राहतात म्हणून दोन जोड लागतात. मला हा उपाय अपुरा वाटतो. टेबलांपुढे जाड रबरी मॅटची पट्टी टाकली तर तीच सगळ्यांच्या टाचांखालची गादी होईल, आणि मॅट रोज पुसता येते.

घोट्याच्या पट्ट्याबद्दल मात्र माझं जुनं मत बदललेलं नाही. टाचेच्या तळाच्या दुखण्यावर घोट्याला घट्ट पट्टा बांधून काही होत नाही. पाय मुरगळला असेल, घोटा पुन्हा पुन्हा बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर दोऱ्या बांधायचा किंवा दोन्ही बाजूंनी पट्ट्या असलेला ब्रेस खरोखर उपयोगी आहे, आणि नुसत्या इलॅस्टिकच्या मोज्याहून कितीतरी चांगला. टाच मागून, जिथे पोटरीची जाड शीर येऊन चिकटते तिथे दुखत असेल, तर टाच थोडी उचलणारी पाचर आणि मागचा काठ मऊ असलेली पादत्राणं लागतात. म्हणून दुकानात जाऊन ‘टाच दुखते, काहीतरी द्या’ म्हणू नये. बोट ठेवून दाखवावं: इथे खाली, की इथे मागे, की इथे घोट्यालगत. तळाच्या दुखण्यात सकाळचं पहिलं पाऊल फार छळत असेल तर रात्री पाय काटकोनात धरून ठेवणारा नाइट स्प्लिंट एक ते तीन महिने वापरतात. मला तो मानवला. आमच्याकडच्या उकाड्यात पुष्कळांना तो झोपू देत नाही, आणि न झोपलेल्या माणसाला स्प्लिंटचा आग्रह मी करत नाही.

काही जणांना मी काहीच घ्यायला सांगत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवते. मधुमेह आहे आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे त्यांना. दोन्ही टाचा एकदम धरतात, वय तिशीच्या आत, आणि सकाळी कंबरही आखडते त्यांना, कारण ते सांध्यांच्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की ओरडतात त्यांना, हाडाला बारीक तडा असू शकतो. टाच जळजळते, रात्री झोपेतही ठणकते, त्यांनाही. आणि खेळणाऱ्या आठ-चौदा वर्षांच्या मुलांना, त्यांचं दुखणं वाढत्या हाडाचं असतं. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन लगेच कामावर जाणाऱ्यांची मला काळजी वाटते. कळ जाते, पण तेच पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा तुटू शकतो आणि टाचेची चरबी झडते.

व्यायामाबद्दल लांबण लावत नाही, पण तो टाळूनही चालणार नाही. सकाळी पलंगावरच, पाय खाली टेकण्याआधी, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, दहा वेळा. २००३ साली जुनं दुखणं असलेल्या १०१ रुग्णांवर हा ताण आणि नुसता पोटरीचा ताण यांची तुलना झाली आणि हा सरस ठरला. दुखणं थोडं निवलं की बळाचा व्यायाम: पायरीच्या कडेवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच सावकाश वर, क्षणभर थांबून सावकाश खाली, एक दिवस आड. २०१५ साली डेन्मार्कमध्ये ४८ जणांवर हा अभ्यास झाला. सगळ्यांना टाचेच्या गाद्या दिलेल्या होत्या. बळाचा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी ताणाचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे होते. टेकू आणि बळ ही दोन्ही एकत्र चालू शकतात, हे मला त्या अभ्यासाने पटवलं. कामगारांना मी आता सांगते की गादी घ्या आणि पायरीवर चढा, एकासाठी दुसरं सोडू नका.

एवढं सगळं केल्यावर माझी टाच पुष्कळ बरी आहे. नवरात्रात गरबा खेळायला मात्र मी बूट घालून जाते, नऊ दिवस अनवाणी राहण्याचं व्रत मी दुसऱ्या व्रताने बदलून घेतलं आहे.

जे पटायला सर्वांत जास्त वेळ लागला ते वेगळंच आहे. टाचेखाली काय ठेवायचं, हे मी इतके दिवस प्रत्येक माणसाचं आपापलं दुखणं समजत होते. पॅकिंगमधल्या एकाच टेबलावरच्या बायका एकामागून एक येऊ लागल्या तेव्हा ते तसं समजणं जमेना. १९४८ च्या कारखाने कायद्याचं ४४ वं कलम सांगत होतं, की ज्यांना उभ्याने काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसण्याची सोय हवी, म्हणजे कामात उसंत मिळाली की त्यांना बसता येईल. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही ही तरतूद आहे. केरळात दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये कायदा बदलून घेतला, तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. आमच्याकडे घडीच्या टेबलाशी एकही स्टूल नाही. मी इतकी वर्षं त्या विभागातून फिरले, जखमा बांधल्या, गोळ्या दिल्या, आणि स्टूल नसणं मला कधी दिसलं नव्हतं. आता ते दिसल्याशिवाय राहत नाही.

सुरक्षा समितीकडे मी अर्ज दिला आहे, बायकांच्या सह्यांसकट. सुपरवायझर म्हणाले, बसलं की काम मंदावतं. मला तसं वाटत नाही, पण माझ्याकडे आकडे नाहीत, म्हणून एका टेबलावर महिनाभर करून बघा असं मी सुचवलं आहे. टेबलाची उंची उभ्याने काम करण्याच्या हिशेबाची आहे, त्यामुळे साधं स्टूल चालणार नाही. उंच हवं, खाली पाय टेकायला आडवी पट्टी हवी, आणि टेबलांपुढे रबरी मॅट हवी. टेप लावून मापं घेतली आहेत, ती अर्जाला जोडली आहेत.